पेंटर काकांचं हेल्मेट



छोटी लाइन, जामसावळीची यात्रा, संत्र्याचा बहार, पोळा... आपल्या सौंसरच्या आठवणींवर इथे बरंच लिहून झालंय. आजचा विषय वाचून काही जण म्हणतील, हे काय नवीन? पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या गावातलाच आहे. आणि त्यात मला माझी एक जुनी चूक कबूल करायची आहे.

२०२१ च्या पावसाळ्यात पुण्याहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. पुतण्या म्हणजे माझ्या चुलतभावाचा मुलगा, तिथे कंपनीत नोकरीला. घरून काम चालू, संध्याकाळी वेळ हाताशी, तर पठ्ठ्याने बाल्कनीत 'स्टार वॉर्स'मधला तो पिंपासारखा, गोल डोक्याचा रोबो करायला घेतलेला. आर-टू डी-टू. खऱ्या मापाचा, साडेतीन फूट उंच. आणि सगळा पांढऱ्या प्लास्टिकच्या शीटचा, हाताने कापून. मशीन नाही, काही नाही.

मोठ्या उत्साहात दाखवत होता, "काका, हे बघा. शीट पूर्ण कापायची नाही. पट्टी ठेवून कटरने नुसती रेघ ओढायची, दोन-तीनदा, आणि मग मोडायची. सरळ तुटते. याला 'स्कोअर अँड स्नॅप' म्हणतात."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चीर पाड अन् मोड."

"काय?"

"काही नाही रे. तुझे आजोबा असं म्हणायचे."

तो चकितच झाला. त्याला आजोबा आठवतात ते दुकान बंद झाल्यानंतरचे, ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचणारे. त्यांनी कधी प्लास्टिक कापलं होतं, यान बनवलं होतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायला पाहिजे होतं ते मी. आणि मी का नाही सांगितलं, तीच ही गोष्ट.

आमच्या काकांना सारं गाव 'पेंटर काका' म्हणायचं. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नंबर प्लेटा, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्यांच्या ब्रशातून निघालेलं. पाटी मराठीत पाहिजे की हिंदीत, हा आपल्याकडे नेहमीचा प्रश्न. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजार नागपूरचा, अशी आपली तऱ्हा झाली. काका दोन्ही भाषांत लिहायचे, आणि प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकायचे. पेंटर लोकांची ती रीतच होती.

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की चार दिवसांनी गणपती. म्हणजे काकांचा ब्रश सुकायचाच नाही. मंडळाचा देखावा तेच करायचे. पैसे? रंगाचे मिळाले तर मिळाले.

१९८४ चं वर्ष. ३ एप्रिलला राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून अंतराळात गेले. भारतातला पहिला माणूस. मी तेव्हा सातवीत. शाळेत, बाजारात, पानठेल्यावर तोच विषय. त्या वर्षी मंडळाच्या पोरांनी ठरवलं, देखावा यानाचा.

आता यान पाहिलंय कोणी? पेपरात बोटभर चित्र आलेलं, तेही काळं-पांढरं. काकांनी त्या चित्रावर पेन्सिलीने चौकटी आखल्या. मग घराच्या मागच्या भिंतीवर खडूने तितक्याच, पण हातभर मोठ्या चौकटी आखल्या, आणि एकेका चौकटीतली रेघ भिंतीवर उतरवली. सिनेमाची पोस्टरं मोठी करायची तीच युक्ती. दोन तासांत भिंतीवर नऊ फुटांचं यान उभं राहिलं. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून बघत होतो.

सांगाडा बत्त्यांचा, वरून खरडा आणि थर्मोकोल. थर्मोकोल इतवारीहून यायचा, छोट्या लाइनने. अडीच फुटांच्या रुळांवरची ती गाडी, तिच्या डब्यात मीटरभर लांब नि अर्धा मीटर रुंद पत्रे धरून बसायचं म्हणजे काम होतं. खिडकीतून वारा आला की पत्रा उडतोय की पोरगा, अशी गत. कापायला यंत्र कुठलं? काकांनी इलेक्ट्रिक शेगडीच्या जुन्या कॉइलची तार सरळ करून लाकडी कमानीत ताणली आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडली. तार तापली की थर्मोकोल लोण्यासारखा कापला जायचा.

पहिल्याच दिवशी एक घोटाळा झाला. मदतीला आलेल्या एका दादाने घाईघाईत थिनर घातलेला रंग थेट थर्मोकोलवर मारला. बघता बघता पत्र्याला भोकं पडायला लागली, वितळून आत बसला. दादा रडकुंडीला आला. काका मात्र वाकून बघतच राहिले. त्यांनी थर्मोकोलचे तुकडे एका डबीत टाकले, वर थोडं पेट्रोल ओतलं. ढीगभर तुकडे चमचाभर चिकट लगद्यात गडप झाले. काकांनी तो लगदा बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाले, "अबे, हा तं डिंक झाला." तेव्हापासून ती डबी त्यांच्या सामानात कायमची. भेगा बुजवायला, सांधे जोडायला. आणि रंग द्यायचा तर आधी खळ लावून पेपर चिकटवायचा, मग त्यावर डिस्टेंपर.

ही डबी लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत येणार आहे.

यानाशेजारी एक जिवंत अंतराळवीर पाहिजे, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं. उभा कोण राहणार? मी. माझ्यासाठी काकांनी हेल्मेट केलं. पांढरी प्लास्टिकची बादली उलटी करून समोरचा भाग कापला. काचेच्या जागी एक्स-रेची फिल्म, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घासून चित्र काढून टाकलेली, पारदर्शक. पेंटर लोक स्टेन्सिलसाठी अशा फिल्म जमवत. गळ्याभोवतीचा कडा आणि आतली डोक्याची पट्टी ॲक्रेलिकची. टेपने माझं डोकं मोजलं, ॲक्रेलिकची पट्टी कोळशाच्या शेगडीवर धरून नरम केली आणि पातेल्याभोवती वाकवली. दहा दिवस मी त्या हेल्मेटमध्ये घामाघूम होऊन उभा राहिलो. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक बैलगाड्या जुंपून बघायला आले. विसर्जनानंतर यान मोडलं, बत्त्या परत केल्या, थर्मोकोल कुठे गेला कोण जाणे. हेल्मेट तेवढं माझ्याकडे राहिलं.

आता माझी चूक.

त्या हिवाळ्यात एका विज्ञान प्रदर्शनीत मी ते हेल्मेट आणि काकांनीच करून दिलेलं यानाचं हातभर मॉडेल मांडलं. परीक्षक आले, उचलून पाहिलं, खूश झाले. विचारलं, "किसने बनाया?" काका दारापाशी उभे होते, मला सायकलवर घेऊन तेच आले होते. मी म्हटलं, "मैंने."

पहिला नंबर आला. प्रमाणपत्रावर माझं नाव. परतताना मी सायकलच्या दांड्यावर बसलेलो, काका काहीच बोलले नाहीत. घर आलं तेव्हा फक्त एवढं म्हणाले, "नंबर आला ना? झालं तं मग." मला वाटलं, सुटलो.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या त्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं. समोर ॲक्रेलिकची कातरणं आणि एक घासून आकडा केलेलं करवतीचं पातं ठेवलं. म्हणाले, "कागदावर तुझं नाव आहे ना? मग ते खरं कर."

दोन महिने मी तिथे बसलो. पट्टी घट्ट धरायची, पातं ओढायचं, सात-आठ वेळा, जोर न लावता. "तू तं लोखंड कापून राहिला. याले कापाचं नाई. चीर पाड अन् मोड." चीर पडली की टेबलाच्या कडेवर ठेवून एक झटका. सुरुवातीला दहातले सात तुकडे वाकडे तुटायचे. मग तापवणं. शेगडीवर दूर धरायचं, फिरवत राहायचं. घाई केली की आत बुडबुडे येतात, तुकडा वाया. मग जोडणं. ॲक्रेलिकचे दोन तुकडे एकमेकांना लावून धरायचे आणि इंजेक्शनच्या सुईने क्लोरोफॉर्मचा एक थेंब कडेला सोडायचा. थेंब आपोआप फटीत पळत जातो, दोन्ही तुकडे जरासे विरघळतात आणि एक होतात. हे काम अंगणात, वाऱ्याच्या दिशेने पाठ करून, वास घ्यायचा नाही, हा काकांचा कडक नियम. जून येईतो मी एक डबा केला, चारही कोपरे काटकोनात. काकांनी त्यात पाणी भरून पाहिलं. एका कोपऱ्यातून गळलं. म्हणाले, "तीन कोपरे खरे झाले."

मंडळी, हे सगळं मी विसरून गेलो होतो म्हटलं तरी चालेल. नोकरी, बदल्या, संसार. पुतण्याच्या त्या फोनमुळे मी या छंदाचा इतिहास शोधायला लागलो, आणि वाचता वाचता अंगावर काटा आला. सात समुद्रांपलीकडचे लोक नेमकं तेच करत होते.

१९७५ साली जॉर्ज लुकासने लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाइसमधल्या एका गोदामात तरुण मुलं जमवली. 'स्टार वॉर्स'ची यानं तिथे बनली. कॉम्प्युटरवर नाही, हातांनी. प्लास्टिकच्या शीट कापायच्या, जोडायच्या, आणि वरून दुकानात मिळणाऱ्या खेळण्यातल्या रणगाड्यांचे, विमानांचे, मोटारींचे सुटे भाग चिकटवायचे. त्यामुळे यान खरंच यंत्रांनी भरलेलं दिसतं. २५ मे १९७७ ला सिनेमा लागला आणि जग वेडं झालं. त्यातल्या नायकाची ती प्रकाशाची तलवार माहीत आहे ना? तिची मूठ म्हणजे जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा! अंतराळवीराचं डोकं बादलीत शोधणारे आमचे काका काही वेगळे नव्हते.

आणि आता ती डबी. सिनेमाची मॉडेलं करणाऱ्यांची आवडती पांढरी शीट असते पॉलिस्टायरीनची. आणि थर्मोकोल? तोही पॉलिस्टायरीनच! एकच पदार्थ. फरक इतकाच की थर्मोकोल फुगवलेला असतो, त्यात साधारण ९८ टक्के हवा. म्हणून तर ढीगभर तुकड्यांचा चमचाभर लगदा झाला, हवा निघून गेली. ती शीट जोडतानाही खरा डिंक लागत नाही. पातळ रसायन सोडायचं, कडा विरघळतात आणि एकजीव होतात. उरलेले तुकडे त्याच रसायनात विरघळवून भेगा बुजवायच्या, हीसुद्धा तिथल्या कारागिरांची जुनी युक्ती. काकांनी ती एका घोटाळ्यातून, कोणतंही पुस्तक न वाचता, सौंसरच्या अंगणात शोधली होती. आपल्या घरातही ही शीट असते बरं का. कित्येक फ्रिजच्या आतलं पांढरं अस्तर त्याच जातीच्या शीटचं, तापवून साच्यावर ओढलेलं. पुतण्याला शीट मिळेना तेव्हा मीच सांगितलं, बाजारात 'हिप्स शीट' म्हणून विचार.

नक्कल घरी बनवण्याचा हा छंदही जुना आहे. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मालिकेत डिसेंबर १९६३ मध्ये 'डॅलेक' नावाचे यंत्रासारखे शत्रू आले. दहा वर्षांनी, १९७३ साली, मालिकेच्या विशेषांकात डॅलेक घरी बनवण्याचे आराखडे छापले गेले, आणि इंग्लंडात लोकांनी अंगणात डॅलेक उभे केले. १९९९ मध्ये आर-टू डी-टू बनवणाऱ्यांचा क्लब निघाला. मापं, आराखडे एकमेकांना द्यायचे. आमचा पुतण्या त्यांच्याच आराखड्यावर काम करत होता. गंमत म्हणजे २०१५ च्या 'स्टार वॉर्स' सिनेमासाठी त्या क्लबातल्या दोन ब्रिटिश हौशी कारागिरांनाच बोलावून रोबो बनवून घेतला. म्हणजे नक्कल करणारे शेवटी अस्सल बनवायला गेले.

पण हे वाचताना मला एक गोष्ट फार लागली. डॅलेकचं रूप रचणारा माणूस रेमंड क्युसिक. तो बीबीसीचा पगारी नोकर. डॅलेकची खेळणी निघाली, सिनेमे निघाले. लेखक टेरी नेशन यांना मानधन मिळत गेलं आणि क्युसिकला बक्षीस म्हणून एकदाच किरकोळ रक्कम. ज्याच्या हातून आकार निघाला त्याचं नाव बऱ्याच जणांना माहीतही नव्हतं.

आणखी एक. 'स्टार वॉर्स'मधल्या पांढऱ्या शिपायांची हेल्मेटं अँड्र्यू एन्सवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ओढून केली होती. पुढे तो तशीच हेल्मेटं विकायला लागला तेव्हा लुकासच्या कंपनीने खटला भरला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला, हे हेल्मेट शिल्प आहे का? २७ जुलै २०११ ला निकाल लागला : नाही. ते सिनेमात वापरायचं सामान आहे, कलाकृती म्हणून शिल्प नाही. म्हणून तिथल्या कायद्यात शिल्पाला मिळतं तितकं संरक्षण त्याला नाही. निकाल कारागिराच्या फायद्याचा होता, पण मी बराच वेळ त्या एका वाक्यावर अडकलो. शिल्प नाही, सामान. आपल्या देखाव्यांना आपण हेच म्हणत आलो ना? दहा दिवस टाळ्या, अकराव्या दिवशी कचरा.

नाव न सांगण्याचीही तऱ्हा असते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. नंतर कळलं, ते डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं होतं, आपल्या कीर्तीकडे बघून नंबर देऊ नये म्हणून. मोठ्या माणसाने आपलं नाव झाकलं आणि काम पुढे केलं. मी मात्र दुसऱ्याचं काम पुढे करून त्यावर आपलं नाव टाकलं. पाटीच्या कोपऱ्यात न चुकता सही करणाऱ्या माणसाने यानावर कधीच सही केली नाही, आणि त्याचा फायदा मी घेतला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २००० नंतर फ्लेक्स आले. नागपूरहून रात्रीतून छापून यायचे, स्वस्त, वर फोटोसकट. तीन-चार वर्षांत काकांचं दुकान बसलं. थोडे दिवस ॲक्रेलिकची अक्षरं, रेडियमच्या नंबर प्लेटा केल्या. मग तेही सोडलं. २००९ मध्ये काका गेले. मी पोचलो तेव्हा उशीर झाला होता. "काका, त्या दिवशी मी खोटं बोललो" हे वाक्य पंचवीस वर्षं तोंडात होतं, ते तसंच राहिलं.

मग थर्मोकोलही गेला. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक आणि थर्मोकोलवर बंदी आणली. बंदी राज्यापुरती, म्हणजे सावनेरकडे मनाई आणि आपल्याकडे मोकळीक, अशी चार वर्षं गेली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्या यादीत सजावटीचा थर्मोकोल नावानिशी होता. बंदी बरोबरच आहे. विसर्जनानंतर कन्हानच्या काठाला ते पांढरे तुकडे आपणच पाहिलेत. पण त्या थर्मोकोलबरोबर एक हातकामही निघून गेलं, आणि त्याची नोंद कुठेच झाली नाही, याचं वाईट वाटतं.

२३ ऑगस्ट २०२३. चंद्रयान-३ चं 'विक्रम' चंद्रावर उतरलं, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला. गणपती १९ सप्टेंबरला. गावोगावच्या मंडळांनी तोच देखावा धरला. आमच्या मंडळाच्या पोरांचा फोन आला, "काका, तुम्हाला येते म्हणे." मी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "येतो."

त्याला सौंसरच्या स्टँडवरून घरी आणलं आणि पहिल्याच संध्याकाळी, काकूंच्या समोर, सगळं सांगितलं. प्रदर्शनी, परीक्षक, 'मैंने', सायकलचा दांडा. काकू गवार निवडत होत्या. म्हणाल्या, "मले माहीत आहे ना. त्यायनं त्याच दिवशी सांगतलं होतं." मी विचारलं, "रागावले होते का?" तर म्हणाल्या, "राग कायचा? म्हणे, पोरगं खोटं बोललं, पण माल चांगला होता म्हणून नंबर आला. मीच पास झालो."

मी उठून मागच्या अंगणात गेलो. थोडा वेळ तिथेच थांबलो.

आम्ही 'विक्रम' केला. थर्मोकोल नाही. नवीन प्लास्टिकही विकत घेतलं नाही. बंद पडलेल्या एका दुकानाच्या जुन्या पाटीची सनबोर्डची शीट आणि ॲक्रेलिकची अक्षरं मिळाली, त्यातूनच. पाय बत्त्यांचे, वर सोनेरी कागद. मंडळातल्या दहा-बारा पोरांना पुतण्याने 'स्कोअर अँड स्नॅप' शिकवलं. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं "चीर पाड अन् मोड" म्हणत होती. सहा चाकांचं 'प्रज्ञान' तर सातवीतल्या एका मुलीने जवळजवळ एकटीने जोडलं. विसर्जनानंतर काही फेकलं नाही, खोलून ठेवलंय, पुढच्या वेळी दुसरं काही करू.

त्याच कामासाठी बत्त्या शोधायला माळ्यावर चढलो तर गोणपाटात गुंडाळलेलं हेल्मेट सापडलं. बादली पिवळी पडलीय, एक्स-रेची फिल्म कडक झालीय, पण ॲक्रेलिकचा कडा जसाच्या तसा, जोड कुठेही सुटलेला नाही. सही आहे का म्हणून मी आतून बाहेरून पाहिलं. नाही. आतल्या पट्टीवर पेन्सिलीने फक्त '२१ इंच' लिहिलंय. माझ्या डोक्याचं माप.

त्या वर्षी देखाव्यापुढे पाटी लावली. त्यावर यानाची माहिती, उतरल्याची तारीख, आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे ते सही करायचे तिथे, पुतण्याने ब्रशने लिहिलं : 'हातकाम : पेंटर काकांची शिकवण.' शेजारी टेबलावर हेल्मेट ठेवलं. आणि त्याच्याजवळ माझं १९८४ चं प्रमाणपत्र, माझ्या नावाखाली मी स्वतः पेनने लिहिलं : 'कारागीर मी नव्हतो.' काही लोक हसले, काहींनी विचारलं, मी प्रत्येकाला सांगितलं. त्या विसर्जनानंतर आठवड्याभरातच, ५ ऑक्टोबर २०२३ ला, आपलं सौंसर छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं. जिल्हा बदलला, आता जुने कागद कुठले कुठे जातील. म्हणून हे इथे लिहून ठेवतोय.

एक विनंती. १९८४ च्या त्या देखाव्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्या काळी कॅमेरे मोजक्यांकडेच होते. कोणाच्या अल्बममध्ये, कोणाच्या लग्नाच्या किंवा बारशाच्या फोटोमागे ते नऊ फुटी यान दिसत असेल तर कृपया इथे टाका. हेल्मेटमधल्या पोराचा चेहरा दिसला नाही तरी चालेल. शेजारी पायजम्यावर रंग सांडलेला, हातात ब्रश धरलेला माणूस दिसला तर मात्र जरूर कळवा.

आणि तुमच्या गल्लीत देखावे करणारं असं कोणी असेल, तर या गणपतीत देखाव्याचा फोटो काढताना त्यांनाही फोटोत घ्या. खाली नाव लिहा.